बाळंतपणाचा डबा कुणी बंद केला?



माझ्या धाकट्या लेकीला आठवा महिना लागला आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. दुपटी, झबली, टोपडी, तिचे गाऊन, तपासण्यांची फाईल, सगळं एकेक करून भरलं. अडलं ते खाण्याच्या डब्यापाशी. ती म्हणाली, "आई, कळा सुरू असतानाही खाता येईल असं काहीतरी ठेव. सुरुवातीला हलकं खाल्लं तर चालेल असं डॉक्टर म्हणाल्यात."

मी तिच्याकडे बघतच राहिले. १९८५ साली माझ्या पहिल्या वेळी पहाटे तीनला कळा सुरू झाल्या. सकाळी सहाला दवाखान्यात नेलं. आईने मुगाचं कढण आणि साळीच्या लाह्या असा डबा आणला होता. "तोंडात काही घालायचं नाही," असं सांगून तो डबा दारातूनच परत पाठवला. पाणीसुद्धा नाही. ओठ फारच सुकले की ओला कापूस फिरवत. बाळ झालं रात्री साडेआठला. मग परवानगी मिळाली, पण तोवर दिवस मावळून दोन तास झाले होते आणि लहानपणापासून माझा चौविहाराचा नियम. दिवसा दवाखान्याची बंदी, रात्री माझी स्वतःची.

मी कॉमर्सची पदवीधर. खात्यात एखादी रक्कम दिसली की ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. चाळीस वर्षांपूर्वी जे पाप होतं ते आज चालतं, तर मधे काय बदललं? ही बंदी आली कुठून? शोधत गेले तर हाती लागली ती गोष्ट आपल्या गावाची नाहीच. ती एडिंबरोहून न्यूयॉर्कमार्गे आपल्याकडे आली.

आधी काय होतं

माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरी झाली, सुईणीच्या हातून. कळा धरल्या की तिला गरम पेज, वर चमचाभर तूप, असं थोडं थोडं देत राहायचे. आजी म्हणायची, "डोंगर चढायचा तर शिदोरी नको का?"

हे काही तिच्या घरचंच शहाणपण नव्हतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, प्रसूती जवळ आलेल्या स्त्रीला तेल लावून, गरम पाण्याने अंघोळ घालून, यवागू म्हणजे धान्याची पातळ पेज पोटभर पाजावी असं सांगितलं आहे. आपल्याकडे श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात त्रिशलामातेच्या गरोदरपणातल्या आहाराचं वर्णन येतं. फार गरम नाही, फार गार नाही, फार तिखट नाही, फार आंबट नाही, असा मध्यम आणि ऋतूला मानवणारा आहार ती घेत असे. ते वर्णन गरोदरपणाचं आहे, कळांचं नाही. पण आईच्या पोटात काय जातं याचा विचार आपल्या परंपरेने किती बारकाईने केला होता ते त्यातून कळतं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणणार नाही. त्याच आजीला बाळंत झाल्यावर चार घोट पाणी मिळायची मारामार असे. पाणी प्यायलं तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, अशी समजूत होती. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते हे कुणी लक्षात घेत नसे. कोंदट खोली, शेगडीचा धूर, आणि अडलेली बाई वाचवायला काहीच साधन नाही. त्या घरातल्या किती बायका परत उठल्याच नाहीत, त्यांचा जमाखर्च कुणी लिहून ठेवला नाही.

दवाखाना आला

आपल्याकडे बायकांसाठी वेगळे दवाखाने १८८० नंतर वाढत गेले. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा फंड सुरू झाला. स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी तयार करणं हा त्याचा हेतू. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंधच मुळी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी कोल्हापुरात हे काम केलं. मुंबईत गिरणी कामगारांच्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून १९२६ मध्ये नवरोसजी वाडिया मॅटर्निटी हॉस्पिटल सुरू झालं.

तरी घरची बाळंतपणं लगेच थांबली नाहीत. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम २६ प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २००५-०६ मध्ये ३९, आणि २०१९-२१ मध्ये ८९. म्हणजे आपल्या आयांची पिढी घरातली, आपली अर्धीअधिक तळ्यात-मळ्यात आणि आपल्या लेकी-सुना जवळजवळ सगळ्या दवाखान्यातल्या. यात हजारो जीव वाचले. पण दवाखान्याबरोबर त्याचे नियमही आले, आणि त्यातला एक होता उपाशी ठेवण्याचा.

एडिंबरो ते न्यूयॉर्क

एडिंबरोच्या डॉ. जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतलं आणि मग त्याला प्रतिष्ठा आली. पण त्याआधीच, जानेवारी १८४८ मध्ये, हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावली. बाळंतपण नव्हे, नुसतं पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. तिला शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली होती. सिम्पसन यांचं म्हणणं पडलं की ती क्लोरोफॉर्मने नाही, तोंडात ओतलेलं घशात अडकून गुदमरली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही गेलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, ही भीती भुलीच्या औषधाबरोबरच जन्माला आली.

विसाव्या शतकात अमेरिकेत भूल देऊन बाळंतपण करण्याची पद्धत पसरली. १९१४ च्या सुमारास तर मॉर्फीन आणि स्कोपोलामीन देऊन गुंगीत बाळंत करण्याची टूम निघाली. बाई ओरडायची, धडपडायची, पण जागी झाल्यावर तिला काही आठवायचं नाही. ईथर आणि गॅसही वापरत. तोंडावर मुखवटा धरून भूल द्यायची. श्वासनलिकेत नळी घालून ती सुरक्षित करायची पद्धत तेव्हा बाळंतपणात रुळलेली नव्हती. अनेकदा भूल देणाराही शिकाऊ असे.

आता मुख्य नोंद बघा. न्यूयॉर्कच्या लाइंग-इन हॉस्पिटलमधल्या डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला आणि १९४६ मध्ये छापला. त्यातल्या ६६ जणींच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल भुलीत उलटून श्वासनलिकेत गेलं होतं. म्हणजे हजारात साधारण दीड. दोघी दगावल्या. दोघींच्याही घशात घट्ट अन्न अडकलं होतं. मेंडेल्सन यांनी सशांवर प्रयोग करून पोटातलं आम्ल फुप्फुसाची काय दशा करतं तेही दाखवलं. आजही त्या आजाराला त्यांचंच नाव आहे.

त्यांनी सुचवलेले उपाय एकापेक्षा जास्त होते. कळांमध्ये तोंडाने अन्न देऊ नये, शिरेतून द्रव द्यावा. पूर्ण भूल देण्याऐवजी शक्य तिथे जागेपुरती भूल वापरावी. पोटातलं आम्ल मारणारं औषध द्यावं. भूल देणारा माणूस जाणकार असावा आणि खोलीत पुरेशी साधनं असावीत.

यातले बाकीचे उपाय खर्चाचे. माणसं शिकवायची, यंत्रं आणायची. पहिला उपाय फुकटातला. बाईला उपाशी ठेवायला पैसा लागत नाही. तोच सगळ्यात आधी जगभर पसरला आणि सगळ्यात जास्त टिकला.

मधे काय बदललं

पुढच्या काळात बाकीचे उपायही आले. १९६१ मध्ये इंग्लंडच्या डॉ. सेलिक यांनी भूल देताना गळ्यावर विशिष्ट ठिकाणी दाब देऊन पोटातलं वर येऊ न देण्याची रीत सांगितली. श्वासनलिकेत नळी घालणं नेहमीचं झालं. भूल देणं ही स्वतंत्र विद्याशाखा झाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिझेरियन बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन होऊ लागलं. त्यात बाई जागी असते, तिला ठसका येतो, ती श्वास सांभाळू शकते. मेंडेल्सन यांच्या मुखवट्याखालच्या बेशुद्ध बाईची आणि आजच्या बाईची परिस्थिती एक राहिली नाही. नियम मात्र तोच राहिला.

शिवाय उपाशी ठेवलं म्हणजे पोट रिकामं झालं असंही नसतं. कळांच्या वेदनेने आणि काही वेदनाशामक औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं, आणि अन्न नसलं तरी आम्ल तयार होतच असतं. उलट गर्भाशय हा मोठा स्नायू. तासन्‌तास काम करणाऱ्या स्नायूला साखर आणि पाणी लागतं.

मग कुणीतरी ताळा करून पाहिला. लंडनमध्ये पहिलटकरणींवर एक मोठी चाचणी झाली. २,४२६ जणी. निम्म्यांना कळांमध्ये हलकं खायला दिलं, निम्म्यांना फक्त पाणी. निकाल २००९ मध्ये छापून आला. बाळंतपणाचा वेळ, सिझेरियनचं प्रमाण, उलट्या, बाळाची तब्येत, कशातच फरक नाही. २०१० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी अशा पाच चाचण्या, एकूण ३,१३० स्त्रिया, एकत्र तपासल्या. धोका कमी असलेल्या स्त्रियांना खाण्यापिण्याला बंदी करायला आधार दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कमी धोक्याच्या बाळंतपणात कळांच्या वेळी खाऊ-पिऊ द्यावं अशी शिफारस केली.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहायला हव्यात. या चाचण्यांमध्ये खाल्ल्याने बाळंतपण लवकर झालं असंही दिसलं नाही. फायदा इतकाच, की बाईला विनाकारण उपाशी राहावं लागत नाही. हा मला लहान फायदा वाटत नाही. आणि अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची संघटना आजही कळांमध्ये घट्ट अन्न नको, स्वच्छ पातळ पेय चालेल, असंच सांगते. म्हणजे जाणकारांतही अजून एकमत नाही. रक्तदाब, मधुमेह, जुळं, आधीचं सिझेरियन, सिझेरियनची शक्यता असेल तर नियम वेगळे, आणि ते डॉक्टरांनीच सांगायचे.

त्या रात्रीचं फुलपात्र

आता माझ्या १९८५ च्या रात्रीकडे येते. बाळ शेजारी, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि मी पाणी नको म्हणत होते. सकाळ होईपर्यंत थांबले असते तर पाणी सुटून छत्तीस तास झाले असते. आई घुटमळत होती. आजी उठली. घरून आणलेलं गाळून उकळलेलं पाणी तिने फुलपात्रात ओतलं आणि माझ्या तोंडाशी धरलं. "पी गं पोरी. नियम तू घेतलास, या बाळाने नाही घेतला."

मी प्यायले. आणि नंतर कितीतरी वर्षं ते मनात सलत राहिलं. पुढे एका चातुर्मासात स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय सुरू होता. तीर्थंकर नामकर्माच्या सोळा कारणभावनांमध्ये 'शक्तितः त्याग' आणि 'शक्तितः तप' असे शब्द आले, तेव्हा मला ते फुलपात्र आठवलं. त्याग आणि तप दोन्ही शक्तीप्रमाणे. आपल्या श्वेतांबर भगिनींच्या पच्चक्खाणातसुद्धा 'आगार' म्हणजे सवलती आधीच बोललेल्या असतात, त्यात शरीराच्या स्वास्थ्यासाठीची सवलतही असते. नियम करणाऱ्यांनी माणसाची दुबळी वेळ आधीच हिशेबात धरली होती.

आजी फारशी शिकलेली नव्हती, पण नियम कशासाठी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तो कुठे थांबवायचा हेही कळलं. दवाखान्यातल्या ताईंना त्यांचा नियम कुठून आला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा दोष नाही. न्यूयॉर्कच्या त्या दोघींच्या मृत्यूतून निघालेला नियम, कारण गळून पडलं तरी, चाळीस वर्षं हातोहात पुढे येत राहिला. आपल्या घरातल्या कितीतरी नियमांचंही असंच होत नाही का?

मग डब्यात काय?

आता कामाचं. आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून घ्या: कळा सुरू झाल्यावर खाल्लेलं चालेल का, कधीपर्यंत, घट्ट की फक्त पातळ, आणि सिझेरियन ठरलेलं असेल तर किती तास आधी थांबायचं.

इंटरनेटवरच्या याद्या जशाच्या तशा उतरवू नका. लेकीने आणलेल्या यादीत मध होता, अंजीर होतं, जेलीच्या गोळ्या होत्या. मध आपल्याला वर्ज्य. अंजीर पंच उदुंबर फळांत मोडतं. जेली बहुधा जिलेटीनची, आणि जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. तयार बारवर हिरवा ठिपका असला तरी आत मध असू शकतो, घटक वाचूनच घ्या. (मध नवजात बाळाला चाटवणंही डॉक्टर वर्षभर नकोच म्हणतात. इथे आपला नियम आणि त्यांचा एकच.)

दुसरी अडचण मर्यादेची. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस. पिशवी मात्र भरून तीन-तीन आठवडे पडून असते. म्हणून आम्ही दोन भाग केले. पिशवीत कायमचं राहील ते कोरडं: फोडून, बी काढून, आत पाहून घेतलेली खारीक, निवडलेले बदाम-मनुका, साळीच्या लाह्या, खडीसाखर. आणि ऐन वेळी दहा-पंधरा मिनिटांत होईल ते ताजं: तांदळाची पेज, मुगाचं कढण, मऊ भात, केळं, शहाळ्याचं पाणी. पाणी उकळून थर्मासमध्ये. चांगलं उकळलेलं पाणी आपल्या मर्यादेत चोवीस तास चालतं आणि डॉक्टरांनाही उकळलेलंच हवं असतं. कळा सुरू झाल्या झाल्या घरीच पेज घ्यावी. जोर वाढला की खाण्याची इच्छा आपोआप जाते, तेव्हा आग्रह करू नये. नुसते घोट द्यावेत. डिंकाचे आणि मेथीचे लाडू जड, ते घरी आल्यावर.

बाळ झाल्यावर मात्र सपाटून भूक लागते. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण मोफत मिळतं. मोठी सोय आहे. पण कांदा-लसूण, बटाटा टाळणाऱ्या आपल्या लेकीला घरचा वरणभात-तूप लागणार, तेव्हा डबा कोण पोचवणार हे आधी ठरवा.

आणि हात जोडून एक सांगते. डॉक्टरांनी बंद म्हटलं तर लपूनछपून काही भरवू नका. आमच्या नात्यातल्या एका वहिनींना मायेपोटी गुपचूप शिरा भरवला होता. तासाभरात तातडीचं सिझेरियन ठरलं, विचारल्यावर "काही खाल्लं नाही" असं सांगितलं, आणि टेबलावर उलटी झाली. नशिबाने वाचल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तर काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, खरं सांगा. त्यांचा पुढचा निर्णय त्यावर असतो. सत्यव्रत इथे जीव वाचवतं.

लेकीचाही चौविहार आहे. परवा तिने विचारलं, "आई, रात्र झाली तर?" मी तिला मेंडेल्सन यांची गोष्ट सांगितली, मग आजीची. नियमात आधीच सवलत ठेवून घे म्हणाले, म्हणजे माझ्यासारखं नंतर सलायला नको. तिने मंदिरात जाऊन तसा संकल्प केला. नवा थर्मास आणून घासून पालथा घातला आहे. आजीचं फुलपात्रही पिशवीत ठेवलंय.

जय जिनेंद्र.